एका चासीची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेची प्रथा आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात तिचा आरंभ झाला. तेव्हापासून अशा व्यासपीठावर इतिहास, धर्म, साहित्य, राजकारण असल्या भारदस्त विषयांवर बोलावयाचे, असा एक रिवाज पडून गेला आहे. मी मात्र आज खिशात मावेल एवढाच विषय घेऊन आलो आहे. तो या रुमालात बांधलेला आहे. भाषण झाल्यावर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी टेबलापाशी येऊन अवश्य पाहावा. आता मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून तोंडाने सांगतो. पितळेची पट्टी आणि पोलादी तार यांचा हा एक सांगाडा आहे. लांबी पाच इंचांहून किंचित कमी. मागे दोन चाके, पुढे दोन चाके, मध्ये अंगठ्याएवढी एक विजेची मोटर. पुढच्या टोकाला खाली लोंबणारी एक जीभ. खेळण्यातल्या मोटारीची ही चासी आहे. वरचे धूड नाही, ते केव्हाच नाहीसे झाले.

हा सांगाडा कोणी केला, कोठे केला, केव्हा केला, हा प्रश्न गेल्या वर्षी माझ्याकडे आला. येथून हाकेच्या अंतरावर, सिल्व्हर पार्कमध्येच, आमच्या युनियनच्या एका जुन्या सभासदाचे बिऱ्हाड आहे. मुंबईतली चाळीतली खोली सोडून ज्या हजारो कामगार-कुटुंबांनी मीरा रोड गाठला त्यांतलेच हे एक. गृहस्थ टूलरूममध्ये फिटर होते. ते वारले, आणि त्यांच्या मुलाला माळ्यावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ही वस्तू सापडली. मुलाने ती मुंबईच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. व्यापारी म्हणाला, हा अमेरिकन माल आहे, साठच्या दशकातला. कुणा नावाजलेल्या कारागिराचा म्हणून दाखवता आला तर शौकीन लोक चांगली किंमत देतील. नाही तर भंगार. मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही फिटरकाम केलेले आहे, वाचनही करता. बाबांकडे अमेरिकेची वस्तू कशी आली असेल?”

आता हे खेळणे काय आहे ते आधी सांगितले पाहिजे, कारण आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नसणार. मीही पाहिले नव्हते. लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा एक रस्ता असतो. त्या रस्त्यात मोटारीगणिक एकेक अरुंद चर कोरलेला असतो. चराच्या दोन्ही अंगांना धातूच्या दोन पट्ट्या, आणि त्यांतून साधारण बारा व्होल्टचा मंद प्रवाह. मोटारीच्या नाकाखालची जीभ चरात बसते. जिभेच्या दोन बाजूंना तांब्याच्या विणलेल्या तारेचे दोन झुपके असतात, ते पट्ट्यांवर घासत जातात आणि मोटरला वीज पोचवतात. खेळणाऱ्याच्या हातात एक दाबाचे बटण. जास्त दाबले की गाडी पळते, सोडले की मंदावते. वळणावर जो हात आवरीत नाही त्याची गाडी चरातून उडून बाहेर पडते. एवढाच खेळ. पण हात, डोळा आणि हाव या तिन्हींची त्यात परीक्षा होते, त्यामुळे मोठी माणसेही त्यात रमली.

अमेरिकेतल्या लायोनेल या आगगाडीची खेळणी करणाऱ्या कंपनीने १९१२ साली अशा चरातल्या विजेच्या गाड्या विकावयास काढल्या होत्या. त्या काही वर्षांत मागे पडल्या. पुढे इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने आपल्या स्प्रिंगच्या पत्र्याच्या मोटारींत विजेची मोटर बसवली आणि १९५७ सालच्या हॅरोगेटच्या खेळण्यांच्या जत्रेत त्या मांडल्या. त्याच्या स्प्रिंगच्या गाडीचे नाव स्केलेक्स. तिला वीज मिळाली म्हणून स्केलेक्स्ट्रिक. पुढल्याच वर्षी लाइन्स ब्रदर्स या बड्या कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला. साठच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत या खेळाचे वेडच पसरले. दिवाणखान्यात नव्हे, तर मोठमोठ्या सार्वजनिक हॉलमध्ये आठ-आठ चरांचे लांबलचक रस्ते बांधले गेले, आणि मुले-माणसे तासाचे भाडे भरून तेथे आपल्या गाड्या पळवू लागली. दशक संपता संपता ते वेड ओसरलेही.

या वेडातून एक कारागिरी जन्मास आली, आणि आपला विषय तेथून सुरू होतो. दुकानातली तयार गाडी वळणावर उडते, हे ध्यानात आल्यावर हौशी लोकांनी स्वतःच्या चासी करावयास घेतल्या. पितळेची नळी, पट्टी, पियानोची पोलादी तार आणि सोल्डर एवढे सामान. वजन खाली आणावयाचे, पुढची जीभ बिजागरीवर सैल सोडावयाची म्हणजे बाकीची गाडी उचलली गेली तरी जीभ चरातच राहते, असल्या युक्त्या त्यांनी काढल्या. या हाताने केलेल्या चासी आज परदेशात शौकीन लोक जमवितात. कर्त्याचे नाव लागले तर वस्तू पेटीत जाते, न लागले तर भंगारात. व्यापाऱ्याचे म्हणणे त्या दृष्टीने खोटे नव्हते.

मी सांगाडा हातात घेतला तेव्हा मलाही तो अमेरिकनच वाटला. मोटरीवर जपानी माबुची कंपनीची खूण होती. पण मोटरीवरून काहीच ठरत नाही. जपानच्या त्या छोट्या मोटरी जगभर गेल्या, अमेरिकन गाड्यांतही बसल्या आणि इंग्रजी गाड्यांतही. दुकानात घेतलेला भाग कर्त्याची साक्ष देत नाही, हाताने केलेला भाग देतो. म्हणून आयता भाग कोणता आणि घडवलेला कोणता, हे मी आधी वेगळे केले. आयते म्हणजे मोटर, चाके, रबरी धावा, दोन गिअर. घडवलेले म्हणजे सांगाडा, मागचा आस, जीभ, आणि बाकी सारे.

मागच्या आसाने पहिली गोष्ट सांगितली. तो एक-अष्टमांश इंच जाडीच्या सळईचा आहे आणि दोन्ही टोकांना आटे पाडून नटाने चाके आवळलेली आहेत. अमेरिकन हौशी लोकही एक-अष्टमांशाचाच आस वापरीत, पण त्यावर ते इंचाला चाळीस आटे पाडीत. मी पिच-गेज लावला. पिच-गेज म्हणजे आटे मोजावयाची दातेरी पट्टी. चाळिशीचे पान बसेना. दहा मिलिमीटरांत सोळाच्या आसपास आटे यावयास हवे होते, तेथे सतरा येत होते. मग लक्षात आले की हे ५ बीए आहेत.

बीए म्हणजे ब्रिटिश असोसिएशनचे आटे. इंग्लंडातल्या विद्वानांच्या त्या संस्थेने १८८४ साली लहान स्क्रूंसाठी हे माप ठरवून दिले, आणि गंमत अशी की मूळ कल्पना स्विस असल्यामुळे या इंग्रजी आट्यांचा हिशोब मिलिमीटरांत आहे. ५ बीएची जाडी ३·२ मिलिमीटर, आट्याआट्यांतले अंतर ०·५९ मिलिमीटर. अमेरिकन आट्याची जाडी जवळजवळ तीच, ३·१७५. पण अंतर ०·६३५. जाडीत केसाएवढा फरक, त्यामुळे एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे बिनतक्रार जातो आणि मग रुसतो. शिकाऊ पोरे तेथेच पाना लावून जोर करतात आणि आटे मारून बसतात. मीही एकदा मारले आहेत आणि बोलणी खाल्ली आहेत. टेलिफोन, मीटर, रेडिओ, विजेची उपकरणे, जिथे जिथे इंग्रजी यंत्रसामग्री गेली तिथे तिथे बीएचे टॅप आणि डाय गेले. अमेरिकेतल्या हौशी माणसाच्या हाताशी हा डाय असण्याचे काहीच कारण नाही. व्यापाऱ्याची अमेरिका येथेच गळाली.

पण अमेरिका गेली म्हणजे मुंबई आली असे होत नाही. इंग्लंड उरतेच. तेथेही बीएचे आटे आणि तेथेही इंच. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून मेट्रिक मापे टप्प्याटप्प्याने आली. पण बाजारात किलो आला म्हणून टूलरूममधला इंच गेला नाही. यंत्रे जुनी, त्यांचे स्क्रू इंचातले, साहेबांची ड्रॉइंगे इंचातली, जुन्या कारागिरांची बोटेही इंचातली. मी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी उमेदवारी केली तेव्हाही ‘दोन सूत काढ’ असेच ऐकावे लागे.

तेव्हा इंग्लंड की मुंबई, हे ठरवावयास दुसरा पुरावा पाहिजे होता. तो सांगाड्याच्या दोन लांब दांड्यांनी दिला. मी त्यांना पियानोची तार समजत होतो. एका टोकाशी सोल्डरखाली काही खरखरीत लागले. नखाने खरवडले, भिंग लावले. बारीक आटे होते. आणि पुढच्या जिभेचा बिजागरीपासूनचा उतार कमी-जास्त करावयास जो लहानसा पितळी तुकडा बसवला होता, तो सायकलच्या आरीचा निपल निघाला! दोन मिलिमीटर जाडीच्या सायकलच्या आऱ्या कापून त्यांच्या दांड्या केलेल्या. आरीवरचा मुलामा सोल्डर धरीत नाही, म्हणून जोडाच्या जागी तो पद्धतशीर खरवडून काढलेला. इंग्लंडमधल्या माणसाला पियानोची तार कोणत्याही हौशी सामानाच्या दुकानात मिळाली असती. त्याने सायकल मोडण्याचे कारण नाही. शिवाय आरीचे आटे कापून टाकावयाच्या ऐवजी त्यांचाच उपयोग जिभेच्या उतारासाठी करणे, ही युक्ती मला कोणत्याही छापील नकाशात आढळली नाही. परिस्थितीने शिकवलेले डोके आहे ते.

तिसरी गोष्ट मोटरीच्या पोटात होती. तिचे वेटोळे कारखान्याचे नव्हते. एनॅमलच्या तारेचे वेढे तीन दांड्यांवर सारखे होते, पण यंत्राच्या शिस्तीने एकाशेजारी एक बसलेले नव्हते. वर वार्निशाचा ब्रशने दिलेला जाड हात होता. म्हणजे ही मोटर जळालेली होती आणि कुणीतरी ती पुन्हा भरली होती. जेथे नवी मोटर दुकानात जाऊन घेता येते तेथे एवढ्याशा मोटरीवर दोन संध्याकाळी कोण घालवील? झुपक्यांची तारही मोठ्या मोटरीच्या कार्बन-ब्रशची शेपटी निघाली.

आस सिल्व्हर स्टीलचा आहे. टूलरूममध्ये त्या सळया नेहमीच्याच. जाता जाता सांगतो, सिल्व्हर स्टीलमध्ये चांदी नसते. आपल्या सिल्व्हर पार्कमध्ये जितकी आहे तितकीच.

काळाचा अंदाज रचनेवरून येतो. मोटर गाडीच्या लांबीत सरळ बसवली आहे. १९६८ च्या सुमारास अमेरिकनांनी मोटर तिरकी बसवण्याची टूम काढली आणि शर्यतीच्या हातच्या चासींत सरळ मोटर मागे पडली. पत्र्याच्या डबीतली ही जपानी मोटर साठच्या दशकाच्या मध्यास सर्वत्र झाली. म्हणजे साधारण १९६५ ते १९७०. याहून नेमके मला धातू सांगेना.

उरली खूण हाताची. पितळी पट्ट्यांच्या कडांवर कानशीच्या रेघा आहेत. उजव्या हाताने कानस मारणाऱ्याच्या रेघा एका बाजूला कललेल्या पडतात. या दुसऱ्या बाजूला कलल्या आहेत. मी मुलाला सहज विचारले, “बाबा डावखुरे होते का हो?” तो म्हणाला, “जेवायचे उजव्या हाताने, बाकी सगळे डाव्याने.” मला आनंद झाला हे कबूल करतो. पण डावखुरे फिटर जगात पुष्कळ आहेत, आणि आडवी पट्टी उलटी धरून कानस मारली तर उजव्याच्या रेघाही तशाच दिसतात. हा पुरावा पाठबळाचा आहे, निकालाचा नव्हे. शोध करणाऱ्याला एकदा आनंद झाला की तो पुढचे नीट मोजीत नाही, हे मी संपाच्या वाटाघाटींत बसून शिकलो आहे.

आणि मागच्या पट्टीच्या खालच्या अंगाला आकड्याच्या पंचाने एकच आकडा ठोकला होता: दोन. टूलरूममध्ये माणूस एकच वस्तू करतो तेव्हा तिच्यावर दोन ठोकीत नाही. म्हणजे एक नंबरची कुठेतरी असली पाहिजे.

येथे माझी विद्या संपली आणि मी कपाटाकडे वळलो. आमच्या युनियनच्या कचेरीत एक लोखंडी कपाट आहे. त्यात आरोपपत्रे, खुलासे, चौकश्यांची टाचणे असा पन्नास-साठ वर्षांचा कागद आहे. पुष्कळदा ते रद्दीत काढावयाचे ठरते आणि राहून जाते. या गृहस्थांच्या नावाची एक पातळ फाईल मला मिळाली. साल १९६७. ते तेव्हा नुकतेच कायम झाले होते, वय एकविसाच्या आतबाहेर. कारखान्याचे नाव मी सांगणार नाही. आज तो नाही, आणि त्या साहेबांची मुलेबाळे असतील.

आरोपपत्र इंग्रजीत टाइप केलेले होते. कंपनीच्या मालकीची पितळी पट्टी, लांबी नऊ इंच, रुंदी अर्धा इंच, जाडी एक-सोळांश, नग एक. तांब्याची विणलेली तार. कामाच्या वेळात कंपनीच्या यंत्रांवर खासगी वस्तू तयार करणे. ती फाटकाबाहेर नेण्याचा प्रयत्न. मी घरी येऊन सांगाड्याच्या पितळेची मोजणी केली. पाच तुकडे, सगळे अर्धा इंच रुंद, एक-सोळांश जाड. लांबीची बेरीज आठ इंच आणि चार सूत. करवतीचे काप आणि कानशीने खाल्लेले धरा, नऊ इंच भरतात. बंधुभगिनींनो, आयुष्यभर मी आरोपपत्रे वाचली ती खोडून काढण्यासाठी. हे पहिलेच आरोपपत्र मला जन्माच्या दाखल्यासारखे वाचावे लागले.

फाईलमध्ये आणखी एक कागद होता, शाळेच्या वहीतून फाडलेला, मराठी, पेन्सिलीने लिहिलेला. त्या मुलाने युनियनसाठी आपली हकीगत लिहून दिली होती. ती सारांशाने सांगतो. साहेबांच्या मुलासाठी विलायतेहून अशा मोटारींचा संच आला होता. एका गाडीचा प्लॅस्टिकचा सांगाडा मोडला, तेव्हा साहेबांनी ती टूलरूममध्ये पाठवून पितळेत करून द्यावयास सांगितले. कामाच्या चिठ्ठीवर दुसऱ्याच एका जॉबचा नंबर घातला गेला. दोन दिवस खपून या पोराने ती केली, पियानोची तार नव्हती म्हणून आऱ्या वापरल्या. गाडी इतकी छान पळाली की साहेब स्वतः येऊन शाबासकी देऊन गेले. जळालेली एक मोटर आणि संचातली जादा चाके फेकून दिली होती; ती त्याने मागून घेतली. आणि धाकट्या भावासाठी जेवणाच्या सुटीत दुसरी गाडी केली. पितळ भंगाराच्या पेटीतले होते, असे त्याने लिहिले आहे. फाटकावर पिशवी तपासली गेली. साहेबांची ती एक नंबरची, आणि ही दोन नंबरची. एक जॉब होता, दुसरी चोरी झाली.

त्या कागदावर आमच्या तेव्हाच्या सेक्रेटरींनी लाल पेन्सिलीने लिहिले आहे, ‘हे देऊ नये.’ आणि युनियनने चौकशीत जो लेखी खुलासा दिला त्यात म्हटले आहे की आमच्या सभासदाने अशी कोणतीही वस्तू तयार केलेली नाही. पितळेची पट्टी त्याच्या पिशवीत कशी आली ते त्यास ठाऊक नाही. खुलाशावर त्याची सही आहे. शिक्षा झाली ती दोन वर्षे पगारवाढ बंद आणि सक्त ताकीद. नोकरी वाचली. ताब्यात घेतलेली वस्तू त्याला परत कशी मिळाली याचा फाईलमध्ये उल्लेख नाही.

आता मी काय म्हणावे? मी पंचवीसांहून अधिक वर्षे अशा चौकश्यांत कामगाराच्या बाजूने बसलो आहे. मालकाच्या मालमत्तेची चोरी हे आदर्श स्थायी आदेशांत गैरवर्तनाच्या यादीत अगदी वर होते. कबूल केले की बडतर्फी. त्या तरुण पोराने ‘होय, मीच केली’ म्हटले असते आणि साहेबांच्या गाडीचे नाव काढले असते, तर तो संध्याकाळी फाटकाबाहेर असता. सेक्रेटरींनी त्याची नोकरी वाचवली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तसेच लिहिले असते. तशी पुष्कळ लिहिलीही आहेत. पण त्याची किंमत मला परवापर्यंत कळली नव्हती. आयुष्यात त्याने सर्वांत सुंदर जी वस्तू केली, ती मी केलीच नाही असे आम्ही त्याच्याकडून लिहून घेतले होते. त्याने ती माळ्यावर ठेवली आणि मुलाबाळांना अवाक्षर सांगितले नाही.

अशा वस्तू केवळ आपल्याकडेच होत नाहीत. जिथे कारखाना आहे तिथे त्या होतात. फ्रान्समधले कामगार अशा चोरट्या खासगी कामाला ‘पेरूक’ म्हणजे केसांचा टोप म्हणतात. हंगेरीत मिक्लोश हारास्ती या लेखकाने बुडापेस्टच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात स्वतः यंत्रावर काम केले आणि त्यावर पुस्तक लिहिले. कामगार स्वतःसाठी, कंपनीच्या भंगारातून, चोरून ज्या वस्तू करतात त्यांचे त्याने त्यात मोठ्या प्रेमाने वर्णन केले आहे. कामगारांचे म्हणवणाऱ्या त्या सरकारने १९७३ साली त्याच्यावर खटला भरला. मला त्या सरकारचे नवल वाटत नाही. तुकड्याच्या दराने राबणारा माणूस स्वतःसाठी एखादी वस्तू करतो तेव्हा किती मन लावून करतो, हे उघड होणे कोणत्याच मालकाला परवडत नाही, मग तो मालक सरकार का असेना.

आणि ज्याला स्वतःच्या जागेत स्वतःच्या हिमतीने काम करावयास मिळाले त्याचे नाव तरी राहते. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी फारसे शिक्षण नसताना १९४९ च्या सुमारास स्वतःच्या हाताने खरीखुरी लहान मोटार तयार केली आणि पुढची वीस वर्षे ती सुधारीत राहिले. तिचे नाव ‘मीरा’. आपल्या गावाचा तिच्याशी संबंध नाही, पण मीरा रोडवर बोलताना तिची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ती कारखान्यातून कधी निघाली नाही, तरी कर्त्याचे नाव लोकांना ठाऊक आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत काम केले असेल. आपल्या घरच्या प्रत्येक भांड्यावर नाव घातलेले असते. कोणाचे? ज्याने आहेर केला त्याचे, किंवा ज्याचे भांडे त्याचे. ज्याने ते ओढले, घासले, ज्याच्या छातीत पॉलिशची धूळ गेली, त्याचे नाव घातलेले भांडे मी अजून पाहिले नाही.

हे सारे घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. मुलाला वाटले होते मी अमेरिकेचा दाखला आणला असेल. मी त्याला फाईल दाखवली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे दादा, बाबांनी चोरी केली असे लिहून ठेवायचे आता?” हा प्रश्न रास्त होता. व्यापाऱ्याला अमेरिका म्हणून दिली असती तर पैसे मिळाले असते आणि बापाचे नावही स्वच्छ राहिले असते. मी त्याला सांगितले, वस्तू तुमची आहे, काय करायचे ते तुम्ही ठरवा. मी मात्र अमेरिका लिहून देणार नाही.

त्यांच्या आई आतल्या खोलीत होत्या. काकूंना ऐकू कमी येते असे आम्ही समजत होतो. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “दोन वर्षे वाढ नव्हती ते मला आमच्या लग्नात सासूबाईंनी सांगितलं होतं. त्यांच्या पाटल्या सोडवायच्या राहिल्या होत्या म्हणून. का, ते नाही सांगितलं. मला वाटायचं, संपात होते.” मग त्यांनी सांगाडा हातात घेतला, चाक बोटाने फिरवले, ते बराच वेळ फिरत राहिले. “हे त्यांनीच केलंय,” त्या म्हणाल्या. “माझ्या शिवणयंत्राची चाती बसवली तेव्हा तिच्याखालीपण असाच आकडा ठोकला होता. सगळ्याच्या खाली ठोकायचे. मी म्हणायची, कोण बघणार आहे तिथं?”

मी काकूंच्या परवानगीने शिवणयंत्र उलटे केले. चातीच्या पट्टीवर पंच होता. भिंगाखाली दोन्ही आकडे शेजारी धरून पाहिले. त्या पंचाच्या दोनाच्या शेपटीला एक बारीक टवका उडालेला आहे. तो दोन्हीकडे आहे. बीए आटे, आऱ्या, नऊ इंच पट्टी, डावा हात, या सगळ्यांपेक्षा हा टवका मोठा. टूलरूमचा पंच-संच त्यांनी निवृत्तीच्या वेळी भंगाराच्या भावाने विकत घेतला होता. त्याची पावती मात्र काकूंनी जपून ठेवली आहे.

मी एक कागद लिहून दिला. त्यात काय निश्चित आहे आणि काय अंदाज आहे ते वेगवेगळे लिहिले. निश्चित: अमेरिकेची नाही; याच गृहस्थांनी केली; १९६७ साली, मुंबईत; पट्टी आरोपपत्रातलीच. अंदाज: पितळ भंगाराच्या पेटीतले होते, जेवणाच्या सुटीत केली. त्याखाली आमच्या युनियनच्या आजच्या कार्यकारिणीने एक ओळ घातली आहे, ती कशी असावी यावर दोन बैठका झाल्या आणि एका जुन्या सभासदाने बैठक सोडली. ओळ अशी की, १९६७ चा युनियनचा खुलासा या वस्तूपुरता बरोबर नव्हता. सेक्रेटरींना दोष दिलेला नाही. बैठक सोडून गेलेल्या सभासदाचे म्हणणे होते की उद्या कोणी मालक हा कागद दाखवून म्हणेल, पाहा, युनियन खोटे खुलासे देते. त्यांची भीती मला निराधार वाटत नाही, तरीही मी ओळीच्या बाजूने मत दिले.

व्यापारी पुन्हा आला होता. कागद वाचून त्याने किंमत निम्म्याने उतरवली. मुलाने विकली नाही. ती आज या रुमालात आहे ती काकूंनी दिली म्हणून, आणि रात्री नऊपर्यंत परत करावयाची आहे.

आता एक काम आपणा सर्वांकडे. एक नंबरची गाडी कोठे आहे ते आम्हांस ठाऊक नाही. साहेबांचा तो मुलगा आज सत्तरीच्या घरात असेल. गाडी परदेशी गेली असेल, किंवा मुंबईतल्याच कुणाच्या माळ्यावर असेल, किंवा एखाद्या शौकिनाने ती अमेरिकन म्हणून काचेच्या पेटीत ठेवली असेल. कोणाच्या पाहण्यात आली तर मागची पट्टी उलटी करून पाहावी. एकचा आकडा असेल. त्याला शेपटी नसते, म्हणून टवका शोधू नये. लांब दांड्या पाहाव्यात, एका टोकाशी सोल्डरखाली सायकलच्या आरीचे आटे लागतील. आणि मागच्या चाकाचा नट काढून अमेरिकन नट लावून पाहावा, तो दोन फेरे जाईल आणि अडेल. तेथे जोर करू नये.

टेबलापाशी येताना एकेकाने यावे. हातात घेऊन पाहावयास हरकत नाही, चाक फिरवावे. मोटरला मात्र कोणी वीज लावू नये, वेटोळे सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचे आहे.